मेणबत्तीची वात ग्लास मोजून घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दिवाळीनिमित्त घरच्या घरी सुवासिक सोया मेणबत्त्या कशा कराव्यात यावर पानभर मजकूर आला आहे. सुगंध कोणता, रंग कोणता, ग्लासाला गोंडा कुठे बांधायचा, सगळं सविस्तर. वातीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं : मधोमध जाड सुती दोरा सोडावा. माझं हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

माझी उमेदीची वर्षं इंदूरच्या एका कापड गिरणीत, रिंग खात्यात, म्हणजे सूत कातणाऱ्या खात्यात गेली. गिरणीनंतर सुताशी संबंध उरला नव्हता, पण सूनबाईंनी सोया मेणबत्त्यांचा घरगुती उद्योग काढला आणि वाती बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. सुगंधात मला गती नाही. मोगरा कुठला आणि जाई कुठली हे नातीला विचारावं लागतं. सुतातलं मात्र अजून कळतं, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, बाजारात ‘जाड सुती दोरा’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सुती नसतं. परवा राणीपुऱ्यात एका दुकानात मी दोरा मागितला. दुकानदाराने रीळ पुढे केलं आणि म्हणाला, “बाबूजी, प्योर कॉटन है, मोमबत्तीवाले यही ले जाते हैं.” मी वीतभर तोडून घेतला, दुकानाबाहेर येऊन काडी लावली. टोक लगेच आत आक्रसलं, काळा धूर आला आणि विझल्यावर टोकाला कडक, चकचकीत मणी राहिला. नखाने चिरडला तरी फुटेना. तो पॉलिस्टर. खरा कापूस पेटला की जळक्या कागदासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, चिमटीत धरली तर पीठ होते. ही परीक्षा फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. पॉलिस्टर मिसळलेली वात मेण वर ओढत नाही, स्वतःच वितळून बसते, आणि ज्योत का विझते म्हणून माणूस मेणाला दोष देत राहतो.

समजा दोरा अस्सल कापसाचा मिळाला. तरी प्रश्न सुटत नाही, कारण तो पीळ दिलेला असतो. समईत पिळाची वात चालते. तिथे ती आडवी पडलेली असते, तेल पातळ असतं आणि वात पुढे सारायला, काजळी झाडायला आपण हजर असतो. मेणबत्तीत वात उभी राहते आणि तिची काळजी तिने स्वतःच घ्यायची असते. म्हणून मेणबत्तीच्या वातीला पीळ नसतो, वेणी असते. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या गृहस्थाने वेणीची वात आणली. त्याआधी मेणबत्तीजवळ कात्री घेऊन बसावं लागे. वेणीच्या धाग्यांवर ताण असा असतो की जळताना वातीचं टोक एका बाजूला वाकतं आणि ज्योतीच्या कडेला येतं. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही, कडेला पोचते, म्हणून टोक तिथे जळून राख होतं. पिळाचा दोरा ताठ उभा राहतो, त्याचं टोक ज्योतीच्या पोटातच अडकतं आणि तिथे कोळशाचं बोंड धरतं. आपल्या लेखासोबतच्या फोटोत, डावीकडच्या ग्लासात, ते बोंड स्वच्छ दिसतं आहे. फोटो काढणाऱ्याला बहुधा ते शोभेचं वाटलं असावं.

आता सोयाबीनकडे येतो. इंदूरला सोयाबीनचं कौतुक असायचंच. खरिपात माळव्याच्या काळ्या मातीत नजर जाईल तिथे तेच, आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आमच्या खंडवा रोडवर १९८७ पासून आहे. सोयाबीनच्या तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट केलं की हे मेण होतं. वनस्पती तूप करतात तीच जात, फक्त घट्टपणा अधिक. ते साधारण ४५ ते ५५ अंशांना वितळतं, पण वितळल्यावरही पॅराफिनपेक्षा, म्हणजे नेहमीच्या मेणबत्त्यांच्या खनिज मेणापेक्षा, दाटसर राहतं आणि वातीतून सावकाश चढतं. म्हणून ज्या ग्लासात पॅराफिनला एक वात पुरते, त्याच ग्लासात सोयाला बहुतेक वेळा एक नंबर वरची, म्हणजे जाड वात लागते. तुमच्या लेखात पॅराफिनच्या कृतीत फक्त मेणाचं नाव बदललेलं दिसतं.

नंबरावरून आठवलं. गिरणीत काउंट, म्हणजे सुताचा नंबर, जितका मोठा तितकं सूत बारीक. ४० काउंटचं सूत २० काउंटपेक्षा बारीक. वातींच्या पाकिटावर मात्र नंबर मोठा तशी वात जाड. मला हे पचायला वेळ लागला. शिवाय वातींच्या घराण्यांची नावं वेगळी : सीडी, ईसीओ, एचटीपी. एका घराण्यातला १० नंबर दुसऱ्यातल्या १० नंबरासारखा जळत नाही. तेव्हा कुणी ‘१० नंबरची वात वापरा’ एवढंच सांगितलं तर त्याचा काही उपयोग नाही.

वात निवडायची ती ग्लासाच्या आतल्या व्यासावरून. मेण १०० ग्रॅम आहे की २००, याच्याशी तिचा संबंध नाही. उंच ग्लासात जास्त मेण मावतं म्हणून जाड वात घालणारे मी पाहिले आहेत, त्यांची मेणबत्ती तासाभरात धुरकटते. आधी फूटपट्टी ग्लासाच्या आत धरा, बाहेरून नाही. साधारण हिशेब असा, की ज्योतीभोवतीचं वितळलेलं मेण तासाला अडीच सेंटिमीटर व्यास व्यापतं. म्हणजे ७ सेंटिमीटरच्या ग्लासात तीन तासांच्या आसपास ते काचेच्या कडेला टेकायला हवं. चार तास झाले तरी कडेला घट्ट मेणाचं जाड कडं शिल्लक असेल तर वात बारीक आहे, मधोमध विहीर पडत जाईल आणि एक दिवस वात त्या विहिरीत बुडेल. उलट ज्योत तीन सेंटिमीटरच्या वर नाचते आहे, टोकाला बोंड धरतं आहे, काच काळवंडते आहे, तर वात जाड आहे. वितळलेल्या मेणाची खोली ६ ते १२ मिलिमीटर असावी.

इथे एक खोच आहे आणि घरगुती मेणबत्त्या करणाऱ्या बऱ्याच भगिनी तिथेच फसतात. पहिल्या जळणात मेण कडेपर्यंत पोचलं नाही की त्या लगेच वात बदलतात. पहिल्या खेपेला ज्योत ग्लासाच्या तोंडाशी असते, उष्णता वर निघून जाते. मेण खाली जाईल तशी ज्योत काचेच्या भिंतींमध्ये येते, उष्णता कोंडते आणि वरचं राहिलेलं कडंही वितळून उतरतं. पहिल्याच तासात कडेला भिडणारी वात वरून झकास दिसते, पण अर्ध्या ग्लासाखाली तीच वात काच तापवते. आमच्या कॉलनीत एका घरी असाच ग्लास तळाशी आल्यावर तडकला आणि पातळ मेण लाकडी टीपॉयवरून सतरंजीवर गेलं. घरातल्यांनी पाण्याचा तांब्या उचलला होता, शेजारच्यांनी हात धरला म्हणून बरं. जळत्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो. वर ताट झाकायचं.

म्हणून सूनबाईंनी नियम केला आहे. नवा ग्लास, नवं मेण, नवा सुगंध, यातलं एकही बदललं की एकाच ओतणीत तीन लागोपाठच्या नंबरांच्या वाती वेगवेगळ्या ग्लासांत लावायच्या. ग्लासावर कागदी टेप, टेपवर वातीचा नंबर, सुगंधाचं प्रमाण आणि तारीख. मग दहा-पंधरा दिवस झाकून ठेवायचं, कारण सोया मेण आणि सुगंध एकजीव व्हायला वेळ घेतात आणि ताजी मेणबत्ती खोटा निकाल देते. त्यानंतर चार तास जाळायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, वात ६ मिलिमीटरवर कापायची, पुन्हा चार तास. असं तळाला १२ मिलिमीटर मेण उरेपर्यंत. त्याच्याखाली जाळायची नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते माझ्याकडे आहे. वही घेऊन बसतो. गिरणीतही तुटलेल्या धाग्यांची नोंद ठेवायचोच.

सुगंधाबद्दल माझा अधिकार नाही असं म्हणालो, पण वातीच्या बाजूने दोन शब्द. लेखात ‘आवडीप्रमाणे सुगंध घालावा’ असं आहे. आवडीप्रमाणे नाही चालत. मेणाच्या ६ ते ८ टक्के, म्हणजे २०० ग्रॅमला १२ ते १६ ग्रॅम, आणि तेही वजनकाट्यावर. चमच्याने मोजू नये. जास्त घातलं तर वास वाढत नाही, तेल मेणात मावत नाही, वर घाम सुटल्यासारखं येतं आणि वात चोंदते. व्हॅनिला, चंदन, अंबर असे जड सुगंध त्याच प्रमाणातही वातीला जड जातात. मोगऱ्याला जी वात झकास चालली ती व्हॅनिलाला त्याच ग्लासात दम तोडते, तिथे एक नंबर वर जावं लागतं. रंगाचंही तसंच. मुलांचे मेणखडू किसून घाला असा सल्ला लेखात आहे. त्यातली रंगाची पूड विरघळत नाही, वातीच्या धाग्यांत जाऊन बसते. आणि अंगावर मारायचा परफ्यूम गरम मेणात कुणीही ओतू नये, त्यात अल्कोहोल असतं.

लेखात असंही म्हटलं आहे की सोया मेणाला काजळी येतच नाही. येते. मेण सोयाचं असो की पॅराफिनचं, ज्योतीला हवा कमी आणि इंधन जास्त पडलं की काजळी धरते, आणि इंधन किती चढायचं ते वात ठरवते. पाकिटावर सोया लिहिलेलं असलं म्हणून छत पांढरं राहत नाही.

वातीत तार असेल तर आणखी एक बघा. बाजारात काही वातींच्या पोटात धातूची बारीक तार असते. ती जस्ताची असते, पण पूर्वी शिशाचीही असे. अमेरिकेत शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ मध्ये बंदी आली, कारण जळताना शिसं हवेत जातं. संशय आला तर वातीवरचं मेण खरवडून उघडी तार पांढऱ्या कागदावर ओढा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ती वात घरात ठेवू नका. सोया मेणाला तारेची गरजही नसते, सुती वेणी किंवा आत कागदाचे धागे घातलेली सुती वेणी पुरते.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. पहिलं आपल्याकडे. दिवाळीच्या आधी पुरवणीत एक छोटी चौकट द्या : आतला व्यास, वातीचं घराणं आणि नंबर, चार तासांची चाचणी, ६ मिलिमीटरवर कापणं. पान भरायला गोंड्याचा फोटो लहान केला तरी चालेल. दुसरं आपल्या मंडळांच्या दिवाळी बाजारांकडे. स्टॉल देताना फॉर्मवर पदार्थांसाठी चार प्रश्न असतात, मेणबत्तीसाठी एकही नसतो. तळापर्यंत जाळून पाहिलेली आहे का, एवढं एक विचारा. ज्यांनी जाळून पाहिली आहे त्यांना उत्तर द्यायला आवडतं, सूनबाई तर वही काढून दाखवतील. ‘जळालेली मेणबत्ती विकायची कशी’ असं कुणी म्हणालं तर समजा की नमुन्यालाही एक ग्लास ठेवलेला नाही.

आणि चौकटीत पंख्याचं लिहायला विसरू नका. आपल्याकडे दिवाळीत दुपारी पंखा लागतोच. पंख्याखाली ज्योत एका अंगाला झुकते, त्या बाजूची काच तापते, दुसऱ्या बाजूचं मेण तसंच राहतं, आणि उत्तम निवडलेली वातही चुकीची ठरते. चाचणी पंखा बंद करून घ्यायची आणि गिऱ्हाईकालाही मेणबत्ती पंख्याखाली लावू नका म्हणून चिठ्ठीवर सांगायचं.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त गिरणी कामगार
सुदामानगर, इंदूर