सहाच संघ, म्हणून वाट सोपी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रीडा पानावर न्यूझीलंडच्या देशांतर्गत क्रिकेटवरचा लेख वाचला. रात्रीच उत्तर लिहायला बसले होते, पण राग इतका होता की दोन ओळींच्या पुढे जाता आलं नाही. म्हणून आज सकाळी लिहिते आहे. लेखकांचा अभ्यास आहे, हे मान्य. पण देश छोटा, संघ सहाच, स्पर्धा कमी, म्हणून न्यूझीलंडचा फिरकीपटू एजाज पटेल याला तिथे वाट सोपी गेली, आपल्याकडे तो गर्दीत हरवला असता, हा त्यांचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

संघ सहाच, म्हणजे जागाही तेवढ्याच. ऑकलंड, नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट्स, सेंट्रल डिस्ट्रिक्ट्स, वेलिंग्टन, कँटरबरी आणि ओटॅगो. प्रत्येक संघाचे सोळाच्या आसपास करार धरले, तरी साऱ्या देशात शंभर पोरंसुद्धा होत नाहीत. त्यात वेगवान गोलंदाजांना साथ देणाऱ्या हिरव्या खेळपट्ट्यांवर फिरकीपटूला विचारतो कोण? बाहेरून येणारे आहेतच. फलंदाज डेव्हन कॉनवे दक्षिण आफ्रिकेतलं घर विकून वेलिंग्टनला आला आणि २०२१ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत त्याने द्विशतक केलं. त्याचं कौतुक आहेच, पण अशा प्रत्येक येणाऱ्यामुळे तिथल्या कुणा एका मुलाची जागा जातेच ना?

आता एजाजचं बघा. मुंबईत जन्मला, आठ वर्षांचा असताना न्यूझीलंडला गेला. सुरुवातीला तो डावखुरा वेगवान गोलंदाज होता, विशीत आल्यावर फिरकीकडे वळला. वाढला ऑकलंडमध्ये, पण प्रथम श्रेणीचं दार उघडलं सेंट्रल डिस्ट्रिक्ट्सने, २०१२-१३ च्या मोसमात, म्हणजे चोविसाव्या वर्षी. २०१७-१८ च्या मोसमात प्लंकेट शील्डच्या, म्हणजे तिथल्या रणजीच्या, नऊ सामन्यांत ४८ बळी घेतले, तेव्हा कुठे कसोटी संघात बोलावणं आलं. अबुधाबीला पहिली कसोटी खेळला तेव्हा तिशी पूर्ण झालेली होती. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, आणि लगेच पुढच्या मायदेशातल्या बांगलादेशविरुद्धच्या मालिकेसाठी संघात नाव नाही! ही सोपी वाट?

चोवीस हा आकडा वाचून मी थांबले, कारण माझा मुलगाही डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याने तेविसाव्या वर्षी किट बॅग माळ्यावर टाकली.

क्रिकेट संघटनेचं नाव मी लिहीत नाही, लिहून आता काही होणार नाही. दोन मोसम तो संभाव्य खेळाडूंच्या यादीत होता. शिबिरासाठी पहाटे साडेचारची एसटी. मी साडेतीनला उठून डबा करायची. आदल्या रात्री त्याची पांढरी पँट धुवायची, मांडीपाशी चेंडू घासून घासून पडलेला लाल डाग ब्रशनेही निघायचा नाही. दोन वर्षांत त्याला एकदाही अकरामध्ये घेतलं नाही. तिसऱ्या वर्षी यादी लागली ती आम्हाला वर्तमानपत्रात वाचायला मिळाली. त्याच्या बाबांनी स्टँडवर पेपर घेतला, तिथेच उभं राहून यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. नाव नव्हतं. फोन नाही, पत्र नाही, कुठे कमी पडलास हे सांगणारं एक वाक्य नाही. मुलगा काही बोलला नाही. महिनाभराने एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या कामाला लागला. आता रविवारी गल्लीतली पोरं बोलावतात, तरी खाली उतरत नाही.

माझी लेक न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा जवळच्या फिट्झहर्बर्ट पार्कवर प्लंकेट शील्डचा सामना चालू होता. प्रेक्षक किती, तर घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन आलेली चाळीस-पन्नास माणसं. शेजारी एक बाई विणत बसली होती. तिचाही मुलगा संघात होता, पण त्या दिवशी बाहेर बसून पाणी नेत होता. तिने सांगितलं, की महिनाभर त्याला एकही सामना मिळालेला नाही, पण वर्षाचा करार आहे, पैसे येतात, आणि प्रशिक्षकाने बसवून सांगितलंय की काय सुधारायचं. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, वाऱ्याने.

लेखात यायला हवं होतं ते हे. वाट तिथेही अरुंदच आहे, पण वाटेत माणसाला उपाशी ठेवत नाहीत, अंधारात ठेवत नाहीत. पैशाचं म्हणाल तर २०२२ च्या करारात प्लंकेट शील्डच्या सामन्याचं मानधन १,७५० न्यूझीलंड डॉलर ठरलं. आपल्याकडे २०२१ पासून रणजीत नवख्यालासुद्धा दिवसाला ४० हजार मिळतात, म्हणजे चार दिवसांचे तिथल्यापेक्षा जास्तच. पण ते अकरामध्ये असलात तर. राखीवांना निम्मे, आणि यादीतून नाव गेलं की काहीच नाही. वर्षभराचा करार बीसीसीआय रणजी खेळाडूला देत नाही. जगातलं सर्वांत श्रीमंत मंडळ हे का करू शकत नाही, हा प्रश्न तुमच्या लेखकांना एकदाही पडू नये?

आणि गर्दीत हरवण्याचं म्हणाल, तर ५८९ प्रथम श्रेणी बळी घेणारे मुंबईचे फिरकीपटू पद्माकर शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही मुंबईचा फलंदाज अमोल मुझुमदार याला भारताची टोपी मिळाली नाही. ही माणसं हरवली नव्हती. सगळ्यांना दिसत होती. त्यांना घेतलं नाही.

आणखी एक. रणजीचे पूर्ण धावफलक तुम्ही छापणं का बंद केलंत? आयपीएलच्या सरावाचे फोटो अर्धं पान खातात आणि रणजीला चार ओळी. माझ्या मुलाने २३ वर्षांखालच्या एका सामन्यात चार बळी घेतले होते, तो धावफलक तेव्हा वर्तमानपत्रात बारीक टाइपात आला होता. ते कात्रण माझ्या कपाटात साड्यांखाली अजून आहे. आज ज्यांची मुलं खेळताहेत त्या आयांनी काय कापून ठेवायचं? निदान सोमवारच्या अंकात एक स्तंभभर जागा द्या. अक्षर कितीही बारीक असलं तरी आम्ही चष्मा लावून वाचू.

– एका माजी खेळाडूची आई
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)