हात कसा हलतो, एवढंच

लंडन

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "हात कसा हलतो हे बघायला एवढ्या लांब जावं लागतं का?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. फोनवर हे धड सांगता येत नाही, आई मध्येच "जेवलीस का" विचारते. म्हणून पत्र.

लहानपणच्या दादाच्या आणि माझ्या चापटा आठवतात ना? "हिनं जोरात मारलं." "मी तेवढंच मारलं, जेवढं यानं मारलं." मग तुम्ही दोघांनाही खोटारडे ठरवून दोन कोपऱ्यांत उभं करायचात. बाबा, आम्ही दोघंही खरं बोलत होतो! आणि हे सिद्ध करणारा निबंध 'सायन्स' नियतकालिकात २००३ साली छापून आला आहे, जेमतेम एका पानाचा.

डॅनियल वोल्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग इथेच, लंडनमध्ये केला. वोल्पर्ट मूळचे डॉक्टर, मग हालचालींच्या अभ्यासाकडे वळले. आता न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात असतात. दोन माणसं समोरासमोर बसवायची, बोटावर एक छोटी दांडी टेकवायची. एकानं दाबायचं, मग दुसऱ्यानं जेवढा दाब जाणवला तेवढाच परत द्यायचा. समोरच्याला काय सांगितलंय हे दोघांनाही ठाऊक नाही. तरी दाब दर पाळीला सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. बाबा, चक्रवाढीनं मांडून बघा, पाच पाळ्यांत पाचपट होतो.

हे आम्हीही प्रयोगशाळेत करून पाहिलं. मी अगदी मोजूनमापून, हलक्या हातानं दाबलं. पडद्यावर बघते तर माझी रेघ समोरच्याच्या रेघेच्या चांगलीच वर! पुन्हा केलं, पुन्हा तेच. माहीत असूनही चुकते, ह्याची गंमत वाटली आणि थोडा रागही आला.

कारण सांगते, तुमच्या ऑफिसच्या भाषेत. मेंदू स्नायूंना आदेश पाठवतो तेव्हा त्याची स्थळप्रत स्वतःकडे ठेवतो. त्या प्रतीवरून 'आता बोटाला एवढा दाब जाणवेल' असा अंदाज आधीच बांधतो आणि त्यातली बरीचशी संवेदना वजा करून टाकतो. म्हणून आपण दिलेला दाब आपल्याला कमी वाटतो, दुसऱ्याचा मात्र पुरेपूर लागतो. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर होत नाहीत, त्या याचमुळे. वोल्पर्टांच्याच गटानं मध्ये यंत्र घालून, एका हाताची हालचाल आणि त्यामुळे दुसऱ्या तळव्यावर होणारा स्पर्श यांत जरासा उशीर केला. उशीर वाढला तशी गुदगुलीही वाढली. घरी करून बघायचं असेल तर एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्याच्या कडेला पापणीवरून बोटानं अगदी हलकं ढकला. समोरची भिंत हलते. एरवी डोळा दिवसभर फिरतो, तेव्हा भिंत हलते का? बोटानं ढकललं की डोळ्याच्या स्नायूंना आदेशच गेलेला नसतो, मग स्थळप्रत कुठून असणार! ही कल्पना जुनी आहे, १९५० मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या शास्त्रज्ञांनी ती नीट मांडली होती. वोल्पर्टांनी १९९५ मध्ये घारामानी आणि जॉर्डन या सहकाऱ्यांसोबत तिला गणितात बसवलं, आणि मग ती मोजता येऊ लागली.

आमच्याकडे संशोधकाचं वजन इतरांच्या निबंधांत त्याचे दाखले किती, यावरून ठरवतात. मला ते फारसं पटत नाही. दाखला देणारा मूळ निबंध वाचतोच असं नाही. मला भिडलं ते वेगळंच. दाब परत देण्याचा हाच प्रयोग पुढे २००५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर झाला, आणि ते निरोगी माणसांपेक्षा अचूक निघाले! त्यांच्यात ही वजाबाकी नीट होत नाही. काहींना भास होतात, कुणीतरी बोलतंय असं वाटतं, ते कदाचित असंच आपलंच काहीतरी परक्याचं वाटून असेल, असा एक अंदाज आहे. एका बोटाच्या दाबावरून मानसोपचारापर्यंत. आई, तू विचारायचीस ना, ह्याचा कुणाला उपयोग?

यंत्रमानव बनवणाऱ्यांनाही हात हलवणंच अवघड जातं. १९९७ मध्ये संगणकानं कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं, पण सोंगटी उचलून ठेवायला शेजारी माणूस बसवावा लागला होता. विचार करणं अवघड आणि हात हलवणं सोपं, हे आपल्याला उगीच वाटतं.

माझं काम ह्यातलं फारच बारीक आहे, ते पुढच्या पत्रात. सध्या दांडीचा एक सेन्सर बिघडलाय, तेवढंच निस्तरतेय. जेवणखाण नीट आहे.

दादाला हे पत्र दाखवा. जोर माझाही वाढतच गेला असणार, हे आता लेखी कबूल. पहिली चापट मात्र त्याचीच होती.

तुमची,
छकुली