मरतुकीची वाट पाहू नका: आरोग्यमंत्री आणि पशुसंवर्धनमंत्री यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री आणि मा. पशुसंवर्धनमंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी पशुवैद्यक आहे. कोंबड्यांच्या घशातून स्वॅब घेत असताना शेडमधल्या एका कामगाराने मला विचारले होते, "डॉक्टर, आमचं पण तपासणार का?" मी नाही म्हणालो. कोंबडी एका खात्याची, कामगार दुसऱ्या खात्याचा. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहितो आहे.

बर्ड फ्लूचा शोध आपण मरतुकीपासून सुरू करतो. शेडमध्ये पक्षी पटापट मरू लागले की नमुने जातात, अहवाल येतो, पक्षी नष्ट होतात. तीव्र एच5एन1 या बर्ड फ्लूच्या प्रकारापुरते हे चालून जाते, कारण तो लपून राहत नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूवरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन ठरावीक जागी कापले गेले तरच संसर्ग पुढे सरकतो. सौम्य प्रकारांत ते कापणारी विकरे (एन्झाइम) मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे आजारही तिथेच राहतो. तीव्र प्रकारांत त्या जागेची रचना अशी बदललेली असते, की शरीरात सगळीकडे असणारे फ्युरिन हे विकरही ते कापू शकते. मग मेंदू, हृदय काहीच सुटत नाही आणि काही दिवसांत शेड रिकामी होते.

मला भीती आहे ती शेड रिकामी न करणाऱ्या विषाणूची. 2013 मध्ये चीनमध्ये एच7एन9 या बर्ड फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराने माणसे न्यूमोनियाने दगावू लागली, तेव्हा कोंबड्या मजेत दाणे टिपत होत्या. पक्ष्यांमध्ये मरतूक नव्हती, म्हणजे आपल्या पद्धतीने पाहिले तर साथच नव्हती! पुढच्या काही वर्षांत 1,500 हून अधिक माणसांना लागण झाल्याचे निदान झाले आणि त्यांतली सुमारे 40 टक्के दगावली. माग जिवंत पक्ष्यांच्या बाजारांपर्यंत गेला. बाजार बंद केले तिथे रुग्ण घटले, आणि 2017 मध्ये कोंबड्यांना एच5-एच7 लस देणे सुरू झाल्यावर माणसांतले रुग्ण जवळजवळ थांबले. लस कोंबडीला टोचली आणि जीव माणसांचे वाचले. मात्र लस घेतलेला पक्षी आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकतो. लसीकरण केले तर तपासणी वाढवावी लागते. ती कमी करण्याचा मोह तुमच्या वित्त विभागाला नक्की होईल.

याच एच7एन9 ची आठपैकी सहा जनुके एच9एन2 या आणखी एका, सौम्य प्रकाराकडून आली होती. एच9एन2 ने अंडी घटतात, पक्षी थोडे सुस्तावतात आणि सगळे हवापालटावर खापर फोडतात. एकाच पक्ष्यात दोन विषाणू शिरले की त्यांच्या जनुकांची अशी अदलाबदल होते. म्हणून त्या सुस्त कोंबडीचा नमुनाही मला हवा आहे.

आता माणसांकडे. 2003 पासून जगभरात एच5एन1 च्या 900 हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले जवळपास निम्मे मरण पावले. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण तो बहुतांशी रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचा आहे. सौम्य लागण किती जणांना झाली, हे रक्तातल्या अँटीबॉडी पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत 2024 मध्ये हा विषाणू दुभत्या गाईंमध्ये शिरल्यावर बाधित गोठ्यांतल्या 115 कामगारांचे रक्त तपासले गेले. आठ जणांत लागणीची खूण सापडली, आणि त्यांतल्या चौघांना आपण आजारी पडल्याचे आठवतही नव्हते.

2011-12 मध्ये फेरेट या सस्तन प्राण्यावरच्या प्रयोगांतून दिसले, की मोजक्या बदलांनी एच5 विषाणू हवेतून पसरू शकतो. असे प्रयोग करावेत का, यावर जगभर मोठा वाद झाला आणि तो रास्तच होता. पण त्यातून हाती आलेली बदलांची यादी शेडमधल्या विषाणूंच्या जनुकीय क्रमाशी ताडून पाहिली नाही, तर धोका पत्करून मिळवलेले ज्ञान कपाटातच राहील. उदाहरणार्थ, विषाणूच्या पीबी2 या प्रथिनातल्या 627 व्या जागेवरचा बदल विषाणूला सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढायला मदत करतो. तो बदल दिसला तर त्याच आठवड्यात आरोग्य खात्याला कळायला हवा, वर्षाअखेरच्या शोधनिबंधातून नव्हे.

तेव्हा मागणी अशी: निवडक फार्म आणि जिवंत पक्ष्यांच्या बाजारांत, मरतूक असो वा नसो, ठरलेल्या दिवशी नमुने घ्या. त्याच दिवशी, त्याच पथकाने, कामगारांच्या संमतीने त्यांचे रक्त आणि घशाचा स्वॅब घ्यावा. दोन्हींचे निकाल एकाच नोंदवहीत यावेत आणि जनुकीय क्रम लगेच खुले व्हावेत. पक्षी नष्ट करावे लागले तर मालकाला भरपाई वेळेवर मिळो, कामगाराची बुडालेली मजुरीही त्यात धरा. खबर देणारा कंगाल होणार असेल, तर पुढच्या वेळी तो मेलेले पक्षी रात्रीतून पुरून टाकील आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

पुढच्या फेरीला मी त्याच शेडमध्ये जाणार आहे. तो कामगार पुन्हा विचारील. तुम्हा दोघांच्या सहीचा एक संयुक्त आदेश तोवर निघावा, एवढी विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक