गेंड्या आणि सोंड्या

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या माडांचे फोटो मिळाले. नव्या झावळ्या कात्रीने तिरप्या कापल्यासारख्या दिसतायत, म्हणजे गेंड्या भुंगा आलाय हे नक्की. पण 'गेंड्या काय नि सोंड्या काय, एकच औषध सांग' असं लिहिलंस, ते मला पटलं नाही. दोघे भुंगेच, पण दोघांची जातकुळी वेगळी.

गेंड्या काळा कुळकुळीत, डोक्यावर मागे वळलेलं शिंग, नराचं जरा मोठं. रात्री शेंड्यात शिरून न उलगडलेली सुरळी कुरतडतो. पान उमललं की मग ते काप दिसतात. भोकाशी चघळलेला भुसा असतो, बघ. माड खातो तो मोठा भुंगाच. त्याची पांढरी, अर्धगोल वळलेली अळी शेणखतात नाहीतर कुजक्या खोडात वाढते, माडाच्या वाटेला जात नाही.

सोंड्याचं नेमकं उलटं. तांबूस तपकिरी, पुढे लांब सोंड, नराच्या सोंडेवर केसांचा झुपका. याची अळी बिनपायाची आणि सगळा घात तीच करते. खोडाच्या आत पोखरत राहते. बाहेर दिसतो तो भोकातून ओघळणारा तपकिरी चिकट रस. खोडाला कान लावलास तर आतली कुरकुर ऐकू येते. शेंडा कलंडतो तोवर सगळं संपलेलं असतं. १९८०च्या दशकात आखातातल्या खजुरांच्या बागांत शिरला तो हाच. पाच ते वीस वर्षांच्या माडांना त्याचा धोका जास्त, आणि तुझी बाग नेमकी त्याच वयाची! मला खरी काळजी त्याची वाटते.

कारण सोंड्याची मादी अंडी घालायला जखम शोधते, आणि गेंड्या ती आयती करून ठेवतो. गेंड्याने एकट्याने मोठा माड सहसा मरत नाही, पण त्याच्या मागून हा येतो.

तेव्हा गोठ्यामागचा उकिरडा आधी उपस, अळ्या वेचून मार. पडलेली खोडं बागेत कुजू देऊ नकोस. शेंड्यातले भुंगे तारेच्या आकड्याने ओढून काढ, वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाक. झावळी तोडताना खोडाशी घासून तोडू नकोस, चारेक फूट देठ राहू दे. कुठे रस गळताना दिसलाच तर थांबू नकोस, भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात लगेच दाखव.

वहिनींना नमस्कार. प्रत्येक माडाचं खोड बघून झालं की कळव.

तुझा,
दिगंबर