शिडाचा ताणा-बाणा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, रात्री

प्रिय दत्त्या,

मागच्या फोनवर तू म्हणालास, "एवढा शिकलास आणि तिकडे जाऊन शिडाच्या कापडावरून भांडतोस होय मर्दा?" तेवढ्यात माझी मीटिंग लागली आणि उत्तर राहून गेलं. आज निवांत लिहायला बसलोय. आमच्या डॉकवर होड्यांचं कळणारे ढीगभर आहेत, पण कापडाचं तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही. इचलकरंजीत जन्माला आल्याचा हा एक फायदा.

होडी तुला फोटोत दाखवली आहेच. कॅटलिना ३० जातीची शिडाची होडी, तिघांत मिळून घेतलेली, वयानं जवळजवळ आपल्याच बरोबरीची. दर बुधवारी संध्याकाळी खाडीत शर्यत असते. त्यात सगळ्या जातीच्या होड्या एकत्र सुटतात, म्हणून प्रत्येकीला एक आकडा दिलेला असतो, पीएचआरएफ रेटिंग. दर सागरी मैलाला इतके सेकंद सवलत, असा त्याचा अर्थ. होडी जितकी मंद तितका आकडा मोठा. आमचा १८६. शर्यत जितक्या मैलांची, तितक्यांनी आकडा गुणायचा आणि तेवढे सेकंद आपल्या वेळेतून वजा करायचे. लहानपणी खेळात कच्चा लिंबू असायचा ना, तसंच. फक्त इथला लिंबू किती कच्चा ते कमिटी सेकंदांत सांगते.

आकडा ठरवताना त्या जातीच्या होड्या आजवर कशा धावल्या ते बघतात. मग तुमचं शीड नेहमीपेक्षा मोठं आहे का, इंजिनाचा पाण्यातला पंखा घडीचा की कायमचा उघडा, अशा गोष्टींसाठी तीन-सहा सेकंद इकडे तिकडे. शिडाची मापं टेपनं घेतात. कापड कसलं आहे हे टेपला कुठून कळणार? म्हणून आमच्या क्लबानं वेगळा नियम केला: सगळी शिडं विणलेल्या पॉलिएस्टरची, म्हणजे डॅक्रॉनची असतील तर मैलाला ६ सेकंद जास्त. आमची डॅक्रॉनचीच, त्यामुळे आम्ही १९२ झालो. शेजारच्या धक्क्यावर एका निवृत्त दाताच्या डॉक्टरांची हुबेहूब आमच्यासारखीच होडी आहे. त्यांची शिडं लॅमिनेटची, म्हणजे न विणता थर चिकटवलेली, म्हणून ते १८६ वरच राहिले.

आता तुझ्या धंद्याचं. खिशातला रुमाल काढ. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेनं ओढ, फारसा हलत नाही. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेनं ओढ, तेच. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून उरेब ओढ. कसा लांबतो बघ! शिडाचं दुखणं नेमकं हे आहे. वारा काही ताण्या-बाण्याची दिशा विचारून येत नाही. शिवाय विणलेला धागा दुसऱ्याच्या वरून-खालून वळसे घेत जातो. जोर आला की आधी ते वळसे सरळ होतात, तेवढं कापड वाढतंच. आडव्या पट्ट्यांच्या शिडाला तर बाणा जाड आणि सरळ ठेवतात आणि वळसे सगळे ताण्याला घ्यायला लावतात, कारण मागच्या काठावरचा मोठा ताण बाण्यावर येतो. मग विणीतल्या फटी भरायला वर राळ चढवतात. विणण्याआधी सुताला लावतात ती सायझिंगची खळ धर, फक्त ती धुऊन काढायची नसते. नवं डॅक्रॉन कडक कागदासारखं वाजतं. चार-पाच हंगाम फडफडलं की राळ तडकते आणि कापड धुतलेल्या धोतरासारखं मऊ पडतं.

लॅमिनेटला वीणच नाही. मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्ममध्ये धागे जोराच्या दिशेनं सरळ अंथरून चिकटवलेले. वळसे नाहीत, त्यामुळे वाढणं जवळजवळ नाही.

याचा पाण्यावर काय फरक पडतो ते जूनमधल्या एका बुधवारी कळलं. गोल्डन गेटमधून दुपारचा वारा आत घुसला होता, वीस नॉटच्या (ताशी वीस सागरी मैलांच्या) वर. झोत आला की आमच्या शिडाचं पोट फुगून मागे सरकायचं. पोट पुढे असलं तर वारा होडीला पुढे ओढतो; मागे गेलं की आडवी पाडायला लागतो. होडी कलंडलेली, सुकाणूचा दांडा मी दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरलेला आणि तरी ती वाऱ्याकडेच वळतेय. डॉक्टर बाजूनं गेले ते एका हातानं सुकाणू धरून, आमच्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेला जास्त जवळ तोंड ठेवून. आठ मैलांत आम्हाला ४८ सेकंद जास्तीची सवलत होती. ते २ मिनिटं १० सेकंद आधी पोहोचले. कर हिशोब.

ऑक्टोबरात बरोबर उलटं झालं. जेमतेम आठ नॉट वारा. कापडावर जोरच नाही, तर ते ताणणार काय? त्याच आठ मैलांत ते २० सेकंद पुढे होते आणि आम्ही २८ सेकंदांनी जिंकलो. डॉक्टर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

माझं भांडण होतं ते हेच. सवलत ठरलेली, पण कापडाचा दोष वाऱ्याबरोबर बदलतो आणि वयाबरोबरही. आमचं बारा वर्षांचं मऊ डॅक्रॉन आणि कालच शिवून आलेलं कडक डॅक्रॉन, दोघांना तेच ६ सेकंद! मी कमिटीतल्या आजोबांना म्हटलं, जुन्या शिडाला जास्त द्या. ते हसले. "मग नवं शीड कोण घेईल? आणि कापड विणलेलं आहे हे मला बोटानं कळतं, किती थकलंय ते कसं मोजू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

काही ठिकाणी सवलतीचा घोळच ठेवत नाहीत, सरळ बंदी घालतात. आपले अभिलाष टॉमी ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्यानं शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले (२०२२ ची), तिथे केवलार, कार्बन वगैरे न ताणणारे धागे चालत नाहीत, डॅक्रॉनच लावायचं. कारण ती १९६८ च्या शर्यतीची आठवण म्हणून भरवतात. आणि ती मूळ शर्यत जिंकणारी 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, हे इथे मी दर पार्टीत एकदा तरी सांगतोच.

तर आम्ही तिघांनी ठरवलंय: लॅमिनेट घ्यायचं नाही. त्याला बुरशी धरते, थर सुटतात आणि सवलतही जाते. चांगल्या कारागिराकडून नवं डॅक्रॉन शिवून घ्यायचं आणि त्याच ६ सेकंदांवर डॉक्टरांना गाठायचं. नियमात बसतं, तू उगाच नैतिकता काढू नकोस. दिवाळीला घरी यायच्या तिकिटांचे पैसे मात्र त्यात गेले. हे आईला तू सांगू नकोस, मी सांगेन.

पाकिटात जुन्या शिडाच्या कोपऱ्याची एक पट्टी टाकली आहे. पिक ग्लासखाली (धागे मोजायच्या भिंगाखाली) धरून इंचात ताणा किती, बाणा किती ते मोज आणि काउंटचा, म्हणजे सुताच्या जाडीचा अंदाज कळव. शीड शिवणारा माणूस पुढच्या महिन्यात कापडाचे नमुने दाखवणार आहे, त्याच्यापुढे जरा जाणकार दिसायचंय.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
सुऱ्या