आयर्विनची पातळी रेडिओवर सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महापुराच्या तयारीवरचा कालचा लेख वाचला आणि राहवलं नाही. ॲप, ड्रोन, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं आलं. रेडिओचा उल्लेखसुद्धा नाही. लेखकाने 2019 चा ऑगस्ट सांगलीत काढलेला नसावा.

गावभागात आधी वीज गेली, मग रेंज. ज्यांना थोडी रेंज होती त्यांचं चार्जिंग संपलेलं. आमच्या वाड्यातली सगळी बिऱ्हाडं माडीवर, खाली जिन्याची एकेक पायरी पाण्यात जातेय आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, पाणी किती? पलीकडच्या गच्चीवरून "कोयना फुटली" अशी आवई आली तेव्हा सासूबाई थरथरायला लागल्या. घरात सेलवरचा ट्रान्झिस्टर होता. एक खासगी एफएम वाहिनी स्वच्छ लागत होती. तिच्यावर गाणी आणि बक्षिसांची कोडी! कान लावून बसलो, पण कृष्णेचं नावसुद्धा निघालं नाही.

पाणी ओसरल्यावर मी त्या वाहिनीला फोन करून जाब विचारला. उत्तर मिळालं, "आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नाही." हे उत्तर आजही माझ्या डोक्यातून जात नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे खरं. पण हवामान, वाहतूक, वीज-पाणी आणि नैसर्गिक आपत्तीच्या स्थानिक सूचना सरकारी धोरणात बातम्यांमध्ये धरलेल्याच नाहीत. म्हणजे बंदी नव्हती, कुणाला सुचलं नाही.

बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली इथल्या कृष्णेच्या पातळीचे एवढे आकडे वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. आयर्विनला 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका हे इथल्या शाळकरी पोराला माहीत आहे. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते कळलं, की जनावरं कधी हलवायची, धान्य कधी वर चढवायचं याचा हिशेब माणसं स्वतः करतात. उशीर झाला की बोटीच्या भरवशावर राहायचं. त्या 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटून काय झालं ते मी नव्याने सांगायला नको.

आपल्या शहरात आकाशवाणीचं साठ वर्षांहून जुनं केंद्र आहे. पावसाळ्यात तिथून दर तासाला, ठरलेल्या वेळी पातळी सांगितली जावी, आणि वीज गेली तरी सांगितली जावी, याची हमी जिल्हा प्रशासनाने आताच घ्यावी. जून 2023 मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायला निघाले होते. लोक ओरडले म्हणून तो निर्णय थांबला. तसं ओरडणं सांगलीकरांनाही जमतं.

आणखी एक. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवायला सांगितलं होतं, तेही आपत्तीचं कारण देऊन. परवा मुलाला नवा फोन घेतला, त्यात एफएमच नाही. दुकानदार म्हणतो, "आता कोण ऐकतंय?" तुमच्या पुरवणीत नव्या फोनची माहिती येते, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा तेही येतं. त्यात एफएम आहे की नाही, एवढी एक ओळ यापुढे छापत जा.

— एक पूरग्रस्त वाचक, गावभाग, सांगली