पूर बघायला जाऊ नकोस, हे सांगायला नाही लिहीत

नागपूर, मंगळवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास की कट झाला, ते मी विचारणार नाही. ताई म्हणाली, रेंज गेली असेल. असेल बाबा. पण तुझं शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं, "नुसती ओरडतेस, काय करायचं ते सांग ना!" म्हणून ताईच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहायला बसले. फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि माझंही डोकं तापतं. दाजी शनिवारी नाशिकला येताहेत, त्यांच्याकडे देते.

तू पाठवलेला व्हिडिओ ताईनेही पाहिला. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी, आणि तू गोदावरीवरच्या होळकर पुलाच्या कठड्याला टेकून म्हणतोयस, "आई, गंगा बघ कसली दिसतेय!" त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलंय. मला वेगळंच विचारायचंय. त्या वेळी घरात आजीजवळ कोण होतं? पप्पांची मुक्कामाची गाडी होती, हे मला माहीत आहे. वरच्या काकू बाजारात गेल्या होत्या, हेही कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस.

तर आता सांगते. आधी खरेदीला पळू नकोस. मोबाइलवर तयार किटं दिसतात, हजार-दोन हजारांची, त्यात अर्धं काय आहे ते आपल्याला वापरताही येत नाही. आधी घरातून एक चक्कर मार आणि तीन गोष्टी बघ. वीज कुठून बंद होते, गॅस कुठून बंद होतो, आणि पाणी आलं तर आजी कुठून बाहेर पडणार. पहिल्या दिवशी एवढंच कर.

मेन स्विच जिन्याखालच्या पेटीत आहे. चार बिऱ्हाडांचे चार, आपला कुठला त्याची चिठ्ठी केव्हाच उडालीय. नवी लिहून चिकटव, जाड पेनाने, अंधारात वाचता येईल अशी. तो बंद करायचा तो पाणी उंबऱ्याला लागायच्या आत. एकदा का पायाखाली पाणी आलं की त्याला हात लावायचा नाही. आणि लोक विसरतात ते म्हणजे इन्व्हर्टर. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतच राहतो. आपली बॅटरी जमिनीवर, कपाटाच्या खाचेत आहे. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन. जमलं तर या रविवारी काकूंच्या योगेशला हाताशी धरून ती बॅटरी जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर चढवून ठेव. मशीनचं मी नंतर बघीन.

गॅसचं रेग्युलेटर रात्री बंद करायची सवय आजीला आहे, तुला नाही. सिलिंडर पुराच्या पाण्यात तरंगतं, आडवं होतं, नळी ओढली जाते. म्हणून पाणी येणार असं वाटलं की रेग्युलेटर काढून टोपी लावायची आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायचं. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. दारं उघडायची, आजीला घेऊन बाहेर यायचं आणि बाहेरून 1906 ला फोन करायचा. याचसाठी मेणबत्ती नको म्हणते मी. टॉर्च हवा, आणि तो एकाच खिळ्याला. रोज उठून जागा बदलायची नाही.

हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं, हे मला कळतं रे. 4 मार्चला कंपनीत सुरक्षा दिनाला तुला बक्षीस मिळालं, तो स्टीलचा डबा मी अजून वापरायला काढलेला नाही, येईल जाईल त्याला दाखवते. अंबडला तुमचं मॉक ड्रिल होतं, भोंगा वाजला की सगळे मशीन सोडून असेंब्ली पॉइंटला. मग आपल्या घराचा असेंब्ली पॉइंट कुठला? मी सांगते. पहिला वरच्या काकूंचं घर. तेही नाही जमलं तर कारंजाच्या बाजूला चढावर, मावशीकडे. नदीच्या दिशेने नाही. पूल तर नाहीच नाही.

बघ, आलं तोंडात. जाऊ दे.

2008 चं तुला काय आठवतं? बालवाडीत होतास. सप्टेंबर होता, गणपती जाऊन पितृपक्ष लागलेला. पाणी दारातून येईल म्हणून आम्ही सगळे दाराला चिंध्या कोंबत बसलो आणि ते आलं मोरीतून. काळं, फेसाळलेलं, मोरीच्या जाळीतून गुळगुळ करत. गटाराला नदीत जायला वाट उरली नाही की ते उलटं घरात येतं. म्हणून वाळू भरलेलं एक पोतं मोरीच्या तोंडावर ठेवायला तयार हवं. आपल्या गल्लीत बांधकाम चालूच असतं, घमेलंभर वाळू कुणीही देईल. कोरडी भरून पोत्याचं तोंड घट्ट बांध आणि माळ्यावर टाक.

त्या दिवशी प्रत्येकाने काय उचललं सांगू? आजीने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि कैरीच्या लोणच्याची बरणी. पप्पांनी टीव्ही, तो मोठा, मागे ढेरीवाला, दोघांना न उचलणारा. तू एक बूट. ताईने दफ्तर, ती आधीपासूनच तशी. आणि खाटेखालची ट्रंक तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा आतले कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. घरपट्टीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, पप्पांचा दहावीचा दाखला. आजीने एकेक पान वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली, आणि मग ते दोरीवर चिमट्यांनी लटकवले. रेशनकार्डावरची शाई सगळी पसरलेली, आजोबांचं नाव तेवढं अर्धं वाचता येत होतं. नव्या कार्डासाठी पप्पांनी किती खेटे घातले ते त्यांनाच विचार. त्या कचेरीतल्या माणसाने एकदा "पुराचा पुरावा आणा" म्हटलं होतं. पप्पा त्याला म्हणाले, पायजमा दाखवू का?

म्हणून कागद. घरातली ती चक्कर झाली की हे तुझं पहिलं काम, वाळूच्याही आधी. मी येताना ट्रंकेतलं सगळं काढून पलंगावर ठेवलंय. चेनवाली प्लास्टिकची पिशवी आण, जाड. त्यात सगळ्यांची आधार कार्डं, रेशनकार्ड, घराचे कागद, पासबुकं, विमा, पप्पांच्या एसटीचं ओळखपत्र, आजीच्या डॉक्टरांची ताजी चिठ्ठी. प्रत्येकाचा फोटो काढून ताईच्या मोबाइलवर पाठव, म्हणजे एक प्रत नाशिकबाहेर राहील. पिशवीत थोडे पैसेही ठेव, सुटे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. वीज गेली, टॉवर गेला की तुझं ते स्कॅन करून पैसे देणं बंद. आणि फोन नंबर कागदावर लिही. तुला कुणाचा तरी नंबर पाठ आहे का? माझा आहे? 112, 101 आगीला, 108 अँब्युलन्सला, 1077 जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला. त्या नंबरांखाली काकूंचा, मावशीचा, ताईचा.

आजीचं इन्सुलिन. हे नीट वाच. वीज दोन दिवस गेली तर घाबरून बाटली बर्फात घालू नकोस, गोठलं की ते वाया गेलं. वापरात असलेली बाटली बहुतेक करून 4 आठवडे फ्रिजबाहेर चालते, फक्त ऊन आणि उकाडा लागता कामा नये. तिच्या ब्रँडचं नेमकं काय ते औषधवाल्याला विचारून खोक्यावर लिहून ठेव. न उघडलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून छोट्या मडक्यात ठेवायच्या आणि मडक्याला बाहेरून ओलं फडकं. गोळ्या आणि सुया आठवडाभराच्या जादा हव्यात. साखर एकदम उतरली तर गूळ किंवा ग्लुकोज तिच्या उशाशी, तुझ्या बॅगेत नाही.

पाणी माणशी रोज निदान चार लिटर धर, पिणं आणि जुजबी स्वयंपाक. तीन जणांचं तीन दिवसांचं 36 लिटर होतं. ते दोन झाकणवाले कॅन आहेत ना, तेच भरून ओट्यावर ठेव. दर एकादशीला बदलायचं, आजीला तिथी सांगावी लागत नाही. पूर आला की नळाला पाणी नसतं, आणि आलं तरी गढूळ. ते गाळून उकळायचं, चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच राहू द्यायचं. खायला न शिजवता चालेल असं ठेव. सातूचं पीठ मी डब्यात भरून आलेय, शेंगदाणे-गूळ, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. लाडू तू आधीच संपवले असशील.

आता आजी. तिला जिना चढवत नाही, आणि ती ते कबूल करणार नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, एकाने पाठीमागून, एकाने पुढचे पाय धरून न्यायचं. योगेशशी बोलून ठेव आणि कोरड्या दिवशी एकदा करून बघा. ती शिव्या घालेल. घालू दे. पाणी गुडघ्याला आल्यावर पहिल्यांदाच करायला गेलात तर तिघंही जिन्यात पडाल.

केव्हा न्यायचं हे तू ठरवायचं नाहीस, मी आजच ठरवून टाकते. दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं की आजी वर. छातीला लागल्याची वाट बघायची नाही. ती म्हणेल, "1969 ला नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी आलं होतं, हे काय पाणी आहे!" तिला म्हणावं, हो आजी, वर जाऊन सांग. आणि कमरेला लागलं का हे बघायला स्वतः जायची गरज नाही, घाटावरचा कुणीही फोनवर सांगतो. आकडेही येतात. त्यात गंगापूर धरणाचा विसर्ग बघून थांबू नकोस, होळकर पुलाखालचा बघ. मधले नाले आणि शहरातला पाऊस मध्येच येऊन मिळतो, म्हणून पुलाचा आकडा बहुधा मोठा असतो. धरणातून सोडलेलं पाणी रामकुंडावर पोचायला वेळ लागतो, तेवढाच आपल्या हातातला वेळ. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. 10 हजार म्हटलं की पाण्याचे ते मोठे 10 हजार लिटरचे टँकर असतात ना, तसे 28, दर सेकंदाला. तू ज्या कठड्याला टेकला होतास त्याच्या खालून.

गुडघाभर सोड, जोरात वाहणारं अर्धा फूट पाणीही उभ्या माणसाला पाडू शकतं. त्यात गटारांची झाकणं निघालेली असतात, खाली काही दिसत नाही. नंदूमामाइतका पोहणारा पंचवटीत नव्हता. गांधी तलावात पोरं त्याला बघायला जमायची. तू त्याच्यासारखा दिसतोस, हे मी कधी तोंडाने बोलले नाही, पण त्या व्हिडिओत तू मान वळवलीस तेव्हा ताईसुद्धा गप्प झाली.

लेक्चर झालं, माहीत आहे. बावीस वर्षांच्या पोराला आई हे असं लिहिते, हसशील. रागावू नकोस. इथून मला काही करता येत नाही, ताईला डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही सांगितलंय, प्रवासाचा तर प्रश्नच नाही. तिचा पाय सुजतो आणि माझं लक्ष आकाशाकडे. इथे ऊन पडलंय, तरी मी नाशिकचा पाऊस बघत बसते मोबाइलवर.

पाणी येऊन गेलं तर एक लक्षात ठेव, वायरमनने बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. चिखल उपसताना बूट घाल, पायाला जखम असेल तर आधी झाक. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर अंगावर काढायचा नाही, डॉक्टरला पुराच्या पाण्यात होतो असं सांगायचं.

दाजींकडे एक शिट्टी दिलीय, आजीच्या गळ्यात अडकवायला. तिचा आवाज आता वरपर्यंत पोचत नाही. त्यांना जेवायला थांबव, खिचडी तरी कर, आणि निघताना आजीच्या चष्म्याच्या नंबरचा कागद त्यांच्याकडे दे, इथे स्वस्तात होतो.

काकूंना खुर्चीचं विचारलंस का, आणि योगेश कुठल्या पाळीला आहे, एवढं मला कळव. उद्याच.

तुझी,
आई